स्टर्नड्राइव्हची गळती घरच्या साधनांनी तपासताना: आधी साधन, मग ड्राइव्ह

स्टर्नड्राइव्ह म्हणजे आतल्या इंजिनाने फिरणारा, बोटीच्या मागे बाहेर बसवलेला गिअर आणि प्रोपेलरचा भाग. त्यातलं गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं दिसलं, की पुष्कळ जण डोळे झाकून प्रोपेलर शाफ्टची सिलं (शाफ्टभोवतीची रबरी कडी) बदलतात, नवं ऑइल भरतात आणि बोट पाण्यात घालतात. थोड्याच फेऱ्यांत ऑइल पुन्हा दुधाळ. मग एखादं गेज आणि सायकलचा पंप ड्राइव्हला जोडला जातो, काटा खाली सरकतो आणि अख्खा ड्राइव्ह खोलायला घेतला जातो. हवा मात्र निसटत असते पंपाच्या तोंडातून.

घरी जुळवलेल्या साधनांनी ही तपासणी चांगली होते, महागड्या किटची गरज नाही. पण साधन आधी स्वतः परीक्षेत उतरलं पाहिजे, आणि टप्प्यांचा क्रम पाळला पाहिजे: कमी दाब, मग चढा दाब, मग व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा ओढून घेणं. इथे आपण फक्त गिअर ऑइलची पोकळी तपासतोय. बोटीच्या तळात पाणी येत असेल तर तो बेलोजचा (ड्राइव्ह आणि बोट यांच्यामधल्या घड्यांच्या रबरी नळीचा) किंवा ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) जोडाचा प्रश्न; त्याचं उत्तर या तपासणीत नाही.

## आकडे आधी ठरवा

बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडे साधारण असे असतात: दाब आधी ३ ते ५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), मग १६ ते १८ पीएसआय, व्हॅक्यूम आधी ३ ते ५ इंच पारा, मग १४ ते १६ इंच. प्रत्येक टप्पा किमान ३ मिनिटं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा याहून कमी असेल तर तोच धरा.

कमी दाब आधी का, हे समजून घेतलं नाही तर माणूस तोच टप्पा गाळतो. सिलाचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टवर आवळला जातो. १६ पीएसआयला तो इतका घट्ट बसतो की बारीक चीरही झाकली जाते, आणि ३ पीएसआयला तीच चीर हवा सोडते. म्हणून थेट १६ वर जाऊन "काटा हलला नाही" म्हणणाऱ्याने तपासणी अर्धीच केलेली असते.

व्हॅक्यूम टाळणारे तर त्याहून जास्त. प्रोपेलर शाफ्टवर बहुतेक ठिकाणी दोन सिलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. एकाचा ओठ आत वळलेला, तो ऑइल अडवतो. दुसऱ्याचा बाहेर, तो पाणी अडवतो. आतून दाब दिला की पहिल्याची परीक्षा होते. दुसऱ्याची होते व्हॅक्यूमने. ऑइल बाहेर पाघळत नाही पण पाणी आत येतंय, अशा ड्राइव्हमध्ये दाबाची तपासणी सरळ पास होते आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

## टप्पा १: दाबाचं साधन जुळवणं

लागणाऱ्या वस्तू: ड्राइव्हच्या स्क्रूच्या जागी बसणारी पोकळ जोडणी, टी-जोड, ० ते ३० पीएसआयचं गेज, छोटा बॉल व्हॉल्व्ह, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, फूटभर जाड नळी आणि क्लिपा.

पोकळ जोडणीचा सोपा मार्ग म्हणजे गिअर ऑइल भरायच्या हातपंपासोबत मिळणारी आट्यांची टोकं. मर्क्रूझर या ब्रँडच्या ऑइल स्क्रूचे आटे ३/८-१६ यूएनसी, म्हणजे ३/८ इंच जाडीचे आणि इंचात १६, असतात. इतर ड्राइव्हसाठी मूळ स्क्रू थ्रेड गेजवर धरून बघा, अंदाजाने बसवू नका. टोक मिळत नसेल तर त्याच आट्यांचा पितळी बोल्ट घ्या, व्हाइसमध्ये दोन नटांच्या आधाराने धरा आणि मधोमध आरपार भोक पाडा: आधी ३ मिलिमीटर, मग ४. डोक्याकडे नळीची पितळी नोझल ब्रेझ करून घ्या. स्टेनलेसच्या बोल्टच्या वाटेला जाऊ नका. ड्रिल भरकटतं आणि एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ होते.

सावधान: तुमचा बोल्ट मूळ स्क्रूपेक्षा लांब नको. जास्तीचं टोक आत गिअरला लागू शकतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. ड्राइव्हमधले आटे सरळ असतात आणि हवा अडवतो तो डोक्याखालचा वॉशर, आटे नव्हेत. तिथे टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी उपयोग नाही. उलट तिचे तुकडे ऑइलमध्ये जातात. त्या जागी नवा वॉशरच घाला. गेज आणि टी-जोड यांचे आटे निमुळते असतील तर टेप तिथे लावा. एकदा एनपीटी आणि बीएसपी (पाइपच्या आट्यांची अमेरिकन आणि ब्रिटिश मापं) यांची सरमिसळ झाली आहे का तेही बघा. पाव इंची एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन वेढे छान बसतात, मग आवळतं, आणि तो जोड कायम झिरपत राहतो.

जोडायचा क्रम: ड्राइव्हकडून नळी टी-जोडात, टी-च्या एका तोंडावर गेज, दुसऱ्यावर बॉल व्हॉल्व्ह, आणि बॉल व्हॉल्व्हच्या पलीकडे ट्यूबचा व्हॉल्व्ह. म्हणजे हवा भरून बॉल व्हॉल्व्ह बंद केला की पंप, त्याची नळी, ट्यूबचा व्हॉल्व्ह सगळं बाहेर राहतं. गेज चुकून बॉल व्हॉल्व्हच्या पंपाकडच्या बाजूला लावलं तर ते फक्त पंपाची तब्येत सांगेल.

गेजबद्दल हट्ट धरा. टायरचं १०० पीएसआयचं गेज ३ पीएसआयला निरुपयोगी. २.५ टक्के अचूकतेच्या अशा गेजमध्ये नुसती चूकच २.५ पीएसआयपर्यंत असू शकते.

कॉम्प्रेसर वापरू नका. अडीच लिटरच्या रिकाम्या पोकळीत ३ पीएसआय व्हायला जेमतेम अर्धा लिटर हवा लागते. सायकलच्या पंपाने ती तीन-चार दाबांत जाते, कॉम्प्रेसरने डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि नंतर सील जागेवरून निघालेलं सापडतं.

## टप्पा २: यू-नळी, म्हणजे फुकटातलं सर्वोत्तम गेज

कमी दाबाच्या टप्प्याला मी डायलच्या गेजपेक्षा पाण्याच्या नळीवर जास्त विश्वास ठेवतो. साधारण साडेपाच मीटर पारदर्शक नळी घ्या, शिडीला इंग्रजी यू-च्या आकारात बांधा, दोन्ही बाजू अडीच-अडीच मीटर उंच. निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा, दोन थेंब शाई टाका. एक टोक उघडं, दुसरं आणखी एका टी-जोडातून ड्राइव्हला, मध्ये आणखी एक बॉल व्हॉल्व्ह.

१ पीएसआय म्हणजे ७० सेंटिमीटर पाणी. ३ पीएसआयला दोन्ही बाजूंच्या पातळीत २.१ मीटर फरक पडायला हवा. फरक मोजायचा दोन पातळ्यांमधला. एका बाजूचं पाणी फक्त त्याच्या निम्मं चढतं. एकाच बाजूला मोजपट्टी लावून मोजणारा माणूस बेमालूमपणे दुप्पट दाब भरायला जातो. एक सेंटिमीटरचा बदल सहज दिसतो आणि तो असतो अवघा ०.०१४ पीएसआयचा, कुठलंही डायल तो दाखवणार नाही. वर एक फायदा फुकट: दाब साडेतीन पीएसआयच्या पुढे गेला की उघड्या टोकातून पाणी उडतं आणि ड्राइव्ह वाचतो.

सावधान: चढ्या दाबाआधी यू-नळीचा व्हॉल्व्ह बंद करा. व्हॅक्यूमआधी नळी सरळ काढूनच ठेवा, नाहीतर सगळं पाणी ड्राइव्हच्या पोटात जाईल.

## टप्पा ३: व्हॅक्यूमचं साधन

ब्रेक ब्लीड करायचा गेजसह हातपंप असेल तर उत्तम, हा टप्पा सोडून द्या. नसेल तर १०० मिलिलिटरची सिरिंज आणि दोन एकमार्गी व्हॉल्व्ह: एक ओढताना उघडणारा, एक ढकलताना. अडीच लिटरच्या पोकळीत १४ इंचांपर्यंत जायला हिशेबाने सोळा-सतरा ओढी लागतात, प्रत्यक्षात बऱ्याच जास्त, कारण नळीतली हवा दर खेपेला थोडी मागे राहते. इथेही सिरिंज आणि गेज यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह हवाच. स्वस्त एकमार्गी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवत नाहीत. नळी जाड भिंतीची घ्या. पातळ नळी चपटी होऊन स्वतःच बंद होते, गेजचा काटा गप्प बसतो आणि ड्राइव्ह निर्दोष असल्याचा भास होतो.

## टप्पा ४: साधनाचीच परीक्षा

हा टप्पा गाळायचा असेल तर पुढचं काही करू नका.

१. पोकळ जोडणीचं टोक त्याच आट्यांच्या आंधळ्या नटात, वॉशर घालून आवळा. म्हणजे ड्राइव्हऐवजी बंद भिंत.
२. १८ पीएसआय भरा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा, गेजवर काट्याच्या जागी पेनाने खूण करा.
३. दहा मिनिटं थांबा. काटा खुणेवर हवा. "जवळजवळ खुणेवर" म्हणजे नापास.
४. गेजचं डोकं सोडून बाकी सगळं बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि बुडबुडा कुठून येतो बघा.
५. व्हॅक्यूमच्या साधनालाही हेच, १६ इंचांवर. ते मात्र पाण्यात बुडवायचं नाही.

साधनाच्या आतली जागा जेमतेम काही मिलिलिटर असते, म्हणून अगदी बारीक गळतीही इथे काटा झटकन खाली आणते. ड्राइव्हच्या दोन-अडीच लिटरमध्ये तीच गळती दिसायला कितीतरी वेळ लागेल. साधन तपासणं त्यामुळे ड्राइव्ह तपासण्यापेक्षा सोपं आहे.

## टप्पा ५: ड्राइव्हची तयारी

किल्ली काढा, बॅटरीची तार सोडा. ड्राइव्ह उभा, म्हणजे ट्रिम (ड्राइव्हचा वर-खाली कल) पूर्ण खाली. बोट रात्रभर स्थिर राहिली की पाणी ऑइलखाली बसतं, म्हणून सकाळी तळाचा स्क्रू आधी अर्धवटच सैल करा आणि पहिले थेंब स्वच्छ काचेच्या भांड्यात घ्या. निव्वळ पाणी आलं तर आत शिरणं नक्की. नुसता दुधाळपणा असेल तर पाणी ऑइलमध्ये घुसळलं गेलंय. काही ड्राइव्हमध्ये हा स्क्रू प्रोपेलर काढल्याशिवाय दिसतच नाही.

ऑइल पूर्ण निथळू द्या. घाईत निम्मं ऑइल आत ठेवून दाब भरला तर ऑइल गळतीच्या तोंडाशी बसून तिला बुजवतं, आणि नळीतून गेजमध्ये चढतं ते वेगळंच.

प्रोपेलर आणि त्यामागचा थ्रस्ट वॉशर काढा. शाफ्टभोवती मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली आहे का बघा. असली तर सील कापलेलं असण्याची शक्यता मोठी. सिलाच्या कडेला कापसाची काडी फिरवून वाळू, शेवाळ, जुनं ग्रीस काढा.

आता ऑइलची वरची बाटली. ज्या ड्राइव्हला बोटीच्या आत रिझर्व्हॉयर असतं, तिथे नळी बाटलीपाशी सोडून बूच मारा. प्लास्टिकची बाटली दाबाखाली कधीही ठेवू नका. ड्राइव्ह बोटीवरच असेल तर या जोडणीत ट्रान्सममधून जाणारी नळी आणि बेल हाउसिंगपाशी (ड्राइव्ह ज्या भागावर चढतो तिथे) बसणारी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, दोन्ही सामील होतात. ड्राइव्ह चढवताना ही ओ-रिंग हमखास चिमटते, म्हणून दोष तिथे असण्याची शक्यता लक्षात ठेवा.

तपासा: ड्राइव्ह बोटीवर ठेवून तपासलं तर गळती आहे की नाही एवढंच कळतं. इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून ड्राइव्हमध्ये येणाऱ्या शाफ्टचं) सील यू-जॉइंटच्या बेलोजमध्ये लपलेलं असतं, तिथे साबणाचं पाणी पोचत नाही. जागा शोधायची असेल तर ड्राइव्ह उतरवून स्टँडवर घ्यावा लागतो. बेलोज उघडल्यावर आत ऑइल साचलेलं दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

## टप्पा ६: कमी दाब

जोडणी वरच्या, हवेच्या स्क्रूच्या भोकात बसवा, म्हणजे उरलंसुरलं ऑइल गेजकडे येणार नाही. तळाचा स्क्रू नव्या वॉशरसह आवळा. डिपस्टिक असेल तर तीही.

हळूहळू ३ पीएसआयपर्यंत जा आणि दोन मिनिटं काहीच करू नका. पंपाने हवा तापते, मग निवते, आणि काटा आपोआप थोडा उतरतो. तो स्थिरावला की पुन्हा ३ वर आणा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि तेव्हापासून वेळ मोजा.

३ मिनिटं ही किमान अट समजा. मी पंधरा मिनिटं थांबावं म्हणेन. अडीच लिटरच्या पोकळीत काटा ०.१ पीएसआय उतरायला सुमारे १७ मिलिलिटर हवा जावी लागते. बारीक गळती एवढी हवा तीन मिनिटांत सोडेलच असं नाही.

उन्हाशी झगडू नका. ड्राइव्हचं तापमान एका अंशाने बदललं की यू-नळीत चार सेंटिमीटर फरक पडतो. ढग आला आणि पाणी सरकलं, ही गळती नव्हे. सावलीत तपासा, सकाळी तपासा, हाताने ड्राइव्ह धरून उभे राहू नका.

काटा स्थिर असतानाच हालचाल सुरू करा. न्यूट्रलमध्ये प्रोपेलर शाफ्ट हाताने सावकाश फिरवा, मग वर-खाली, डावी-उजवीकडे हलका रेटा द्या. गिअर बदलायचा शाफ्ट पुढे-मागे करा. इनपुट शाफ्ट फिरवायचा तर इंजिन ज्या दिशेने फिरवतं त्याच दिशेने, आणि मोजकाच. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पात्यांचं रबरी चाक) ड्राइव्हच्या आत असेल तर उलट फिरवल्याने त्याची पाती मुडपतात.

फिरवतानाच काटा उतरला आणि थांबवल्यावर थांबला, तर शाफ्टवर सिलाने कोरलेली खाच असणार. शाफ्ट पुसून नखाचं टोक आडवं ओढा. नख अडकलं की नुसतं नवं सील घालून काम होणार नाही. ते त्याच खाचेवर बसेल. थोडं वेगळ्या खोलीवर बसवायला जागा आहे का ते पाहा, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह किंवा नवा शाफ्ट.

## टप्पा ७: चढा दाब

यू-नळी बंद केली? मगच १६ कडे जा. पंधराच्या आसपास दर दाबाला थांबून गेज बघा. १८ ओलांडायचं नाही. स्क्रूंच्या आणि जोडणीच्या समोर तोंड नेऊ नका.

इथे सिलांपेक्षा जोडांची परीक्षा जास्त होते: वरच्या झाकणाची ओ-रिंग, बेअरिंग कॅरिअरची (प्रोपेलर शाफ्टची बेअरिंग आणि सिलं धरणाऱ्या भागाची) ओ-रिंग, वरचा आणि खालचा भाग जुळतो तो सांधा, आणि गंजाने खाल्लेलं अॅल्युमिनियम. रंग फुगलेला दिसला तर तिथे नक्की साबण लावा.

मग दाब सोडा, जोडणी तळाच्या भोकात लावा, वर मूळ स्क्रू बसवा आणि पुन्हा एकदा करा. जोडणी ज्या भोकात होती त्या भोकाचा स्वतःचा स्क्रू-वॉशर अजून तपासला गेलेला नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुधाळ ऑइलचं कारण पुष्कळदा हा एक चेपलेला जुना वॉशर असतो.

## टप्पा ८: व्हॅक्यूम

जोडणी परत वर. आधी ३ ते ५ इंच, हालचाली तशाच, मग १४ ते १६.

कमी व्हॅक्यूमला हलकं समजू नका. पोकळीतली बंद हवा ८० अंशांवरून २५ वर आली तर तिचा दाब सुमारे १६ किलोपास्कल घटतो, म्हणजे पावणेपाच इंच पारा. रिझर्व्हॉयर नसलेला तापलेला ड्राइव्ह थंड पाण्यात उभा राहिला की आतली हवा अशीच ओढ घेते, आणि पाणी बाहेरच्या सिलावरून आत येतं. बोट पळताना नव्हे, धक्क्याला लागल्यावर.

सावधान: व्हॅक्यूमखाली साबणाचं पाणी लावायचं नाही आणि ड्राइव्ह पाण्यात बुडवायचा नाही. आत ओढलं जाईल.

## टप्पा ९: जागा शोधणं

दाबाखाली: पाण्यात भांडी घासायचा साबण मिसळून ब्रशने लावा. फवाऱ्याने आधीच फेस होतो आणि त्यात खरा बुडबुडा हरवतो. पाणी लावलं की हलू नका. बारीक गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा वाढायलाही मिनिटभर घेतो. मोठ्या गळतीत उलट होतं, हवा फेस उडवून लावते आणि जागा कोरडी दिसते. तिथे ओलं बोट फिरवा.

कुठेच फेस नाही आणि काटा तरीही उतरतोय, तर पाणी आत घेणाऱ्या खाचांशी कान न्या, किंवा एक नळी कानाला लावून तिचं दुसरं टोक फिरवा. पाण्याच्या पंपाखालचं उभ्या शाफ्टचं सील गेलं असेल तर हवा पाण्याच्या मार्गात निघते आणि त्या खाचांतून बारीक सुसकारा येतो. बाहेरून कितीही साबण लावा, ते सापडणार नाही.

व्हॅक्यूमखाली: संशयित सिलाभोवती जाड गिअर ऑइल ओता. काटा थांबला, किंवा ऑइल आत ओढलं जाताना दिसलं, की ते सील बदला. एका वेळी एकाच जागी ऑइल लावा, नाहीतर कोणत्या जागेने काटा थांबला ते कळणार नाही.

सगळं करूनही गुंता सुटला नाही तर वरचा आणि खालचा भाग वेगळा करून, ऑइलचे मार्ग रबर शीट आणि पट्टीने बंद करून, दोन्ही स्वतंत्र तपासता येतात. ते बरंच काम आहे. आधी साबणाला आणखी अर्धा तास द्या.

## टप्पा १०: परत भरणं

सील बदलल्यावर क्रम पहिल्यापासून: कमी दाब, चढा दाब, व्हॅक्यूम. फक्त जिथे गळत होतं तेवढंच तपासू नका, कारण कॅरिअर बसवताना ओ-रिंग कापली जाणं नेहमीचं आहे.

पास झालं की ऑइल तळाच्या भोकातून वर चढवा. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की आधी वरचा स्क्रू लावा, मग तळाची नळी काढून झटक्यात तळाचा स्क्रू. दोन्ही वॉशर नवे. ऑइल वरून ओतलं तर आत हवा अडकते, ती पहिल्या फेरीत निघते आणि कमी झालेली पातळी बघून गळतीचा संशय पुन्हा सुरू होतो. रिझर्व्हॉयरची नळी जोडून ते खुणेपर्यंत भरा.

पहिल्या फेरीनंतर बोट रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी तळाचा स्क्रू जरासा सैल करून चमचाभर ऑइल काचेत घ्या. ते स्वच्छ असेल तर स्क्रू नव्या वॉशरने आवळा आणि काढलं तेवढं ऑइल परत भरा.